प्रेम, लग्न आणि आपले गैरसमज

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिका मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)





मी काही विद्वान वक्ता नाही. राईस मिलमध्ये पोती उचलता उचलता मशीन चालवायला शिकलेला कामगार आहे. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते याच विहाराच्या कपाटातले. हा विषय मी मागितला तेव्हा काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "विहारात प्रेमाबिमाचे कायले काढता जी? पोट्टे बिघडतीन." मी म्हणालो, विहारात नाही बोललो तर पोट्टे गप्प बसणार आहेत का? ते मोबाईलवर ऐकतील, सिनेमात पाहतील. त्यापेक्षा बाबासाहेबांच्या फोटोसमोर, आईबापांच्या देखत बोललेले बरे.

पहिला गैरसमज तरुणांचा आहे. पाहिले म्हणजे प्रेम झाले, आणि मागे लागले म्हणजे मुलगी हो म्हणते. आपल्या भागात दिवाळी झाली, धान निघाले की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. मीही रात्र रात्र जागून नाटके पाहतो, मला आवडतात. पण नाटकात हिरोने पोरीला पाहिले की दुसऱ्या प्रवेशात गाणे असते. सिनेमात तर पोरगी नाही म्हणते तरी हिरो सायकल घेऊन मागे फिरतो आणि शेवटी ती हसते. पोरांनो, खऱ्या आयुष्यात असे होत नाही. नाही म्हणजे नाहीच. २०१३ पासून मुलीचा पाठलाग करणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलीची संमती ही संमतीच धरली जात नाही. "तिची पण मर्जी होती" हे पोलीस ठाण्यात चालत नाही. हे शाळेत कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

मग प्रेम म्हणजे काय? भगवंतांनी मैत्री हा शब्द दिला आहे. समोरच्याचे भले व्हावे, मग तो माझ्याजवळ राहो की न राहो, याचे नाव मैत्री. ज्या प्रेमात मैत्री नाही ती नुसती तृष्णा आहे. तृष्णा दुःखाचे मूळ आहे हे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. तेच इथे लावून पाहा.

दुसरा गैरसमज आम्हा आईबापांचा आहे. आपल्या मनाने केलेले लग्न मोडते आणि घरच्यांनी जुळवलेले टिकते. हा गैरसमज माझ्या घराला फार महाग पडला. तो सांगताना मला लाज वाटते, पण सांगणार आहे. माझ्या धाकट्या बहिणीची परवानगी घेतली आहे. ती इथेच, बायकांत बसली आहे.

गोष्ट १९९४ ची. मी तेव्हा चळवळीत नवीन होतो. मोर्चात पुढे, घोषणा देण्यात पुढे. बहिणीने एक दिवस आईजवळ सांगितले की तिला एक मुलगा पसंत आहे. मुलगा आपल्याच समाजाचा, बौद्ध, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्यासोबत लेझीम खेळणारा. अडचण एकच. त्याची पोटजात वेगळी. आई म्हणाली, "लोक का म्हणतीन?" आणि मी, बाबासाहेबांचा अनुयायी म्हणवणारा, त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला दम देऊन आलो. बहिणीला म्हणालो, "तुले का समजते?" एका शब्दाने तिला विचारले नाही की तुला त्यात काय दिसले.

दोन महिन्यांत मी आमच्याच पोटजातीतला नोकरीवाला जावई शोधला. साक्षगंध झाले. अर्धा एकर धानाची बांधी विकून हुंडा दिला. मुलाचा पगार पाहिला, घर पाहिले, स्वभाव पाहिला नाही. मिलमध्ये मी रोज पाहतो, पॉलिश मारलेला तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, पण त्यातले सत्त्व कोंड्यात निघून गेलेले असते. गिऱ्हाईक पांढरा रंग पाहून भुलते. मीही तसाच भुललो. चार वर्षांनी बहीण एका पिशवीत दोन लुगडी आणि काखेत लेकरू घेऊन परत आली. तिच्या हातावरचे डाग मी पाहिले. त्या दिवशी ती मला एवढेच म्हणाली, "दादा, तू मिरवणुकीत जे म्हणत होतास ते घरात का नाही म्हटलंस?" त्याचे उत्तर मला आजपर्यंत देता आले नाही. तिने शिवणकाम करून लेकरू शिकवले. माझ्या मदतीपेक्षा तिच्याच हिमतीवर ती उभी राहिली.

मी असे म्हणत नाही की सगळे प्रेमविवाह सुखाचे होतात. पळून जाऊन सहा महिन्यांत परतलेलीही लेकरे आपण पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच की लग्न कोणी जुळवले यावर ते टिकत नाही. दोघांनी एकमेकांना माणूस म्हणून ओळखले का, आणि घरात दोघांची किंमत सारखी आहे का, यावर ते टिकते.

तिसरा गैरसमज पोटजातीचा. आपण १९५६ साली धम्म घेतला. १४ ऑक्टोबरला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्याला, बाबासाहेबांच्याच हातून. आपले आजे-पणजे बैलबंडीने, पायी तिथे गेले. देव सोडले, उपास सोडले. मग सोयरिक जुळवताना बावणे का लाडवण, सोमवंशी का कोसरे, हे कुठून येते? बायोडाटात धर्म बौद्ध लिहितो आणि खाली कंसात पोटजात लिहितो. साडेबारा पोटजातींचे गाठोडे दीक्षाभूमीवर टाकायचे होते, आपण ते परत डोक्यावर घेऊन आलो.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. त्यात त्यांनी सांगितले की जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, जातिनिर्मूलनावरच्या पुस्तकात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. म्हणजे जात आपल्या लग्नाच्या मांडवात जगते. आणि त्यांनी नुसते सांगितले नाही. माता रमाईंच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १९४८ रोजी, त्यांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आदल्याच दिवशी त्यांना ५७ वर्षे पूर्ण झाली होती. त्या सारस्वत ब्राह्मण घरच्या होत्या. पुढे त्याच माईसाहेबांवर आपल्यातल्याच लोकांनी संशय घेतला, हेही आपण विसरू नये.

आईबापांची भीती खोटी नाही, हेही मी मानतो. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी आपल्या समाजाच्या १७ वर्षांच्या शाळकरी पोराला, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकले. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. सैराट सिनेमा २०१६ मध्ये आला, तो पाहून आपण रडलो. पण बंधूंनो, जी जात खर्ड्यात कुऱ्हाड घेऊन उभी होती, तीच जात माझ्या घरात दम देऊन आली होती. आकार लहान, पण बी एकच. वरच्यांना नावे ठेवायची असतील तर आपली बायोडाटा आधी साफ केली पाहिजे.

चौथा गैरसमज आपल्या शेजाऱ्यांबद्दलचा आहे. आपण जंगलपट्टीत राहतो, पण आदिवासींच्या लग्नाबद्दल काय काय बोलतो! गोटुलचे नाव निघाले की चार माणसे डोळे मिचकावतात. गोटुल ही गावाने एकत्र बसायची जागा आहे. तिथे तरुण पोरेपोरी गाणी, नाच, गावची रीत शिकतात. तिथेच गावाची बैठक होते. बाहेरच्यांनी आपल्या मनातला मळ त्यावर टाकला. आणि एक विचारतो. गोंडांत परंपरेने मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात, मुलीच्या बापाला शेत विकावे लागत नाही. विधवेला दुसरा संसार करण्याची मोकळीक आहे. मग मागासलेले कोण? ते, की हुंड्यासाठी बांधी विकणारा मी? हुंडा देणे आणि घेणे दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. या वर्षी माझ्या मुलीने मला समोर बसवून सांगितले, "बाबा, तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. पण तुमच्या हाताने व्हावे असे वाटते." ती नर्स आहे. ज्या आरोग्य केंद्रात ती कामाला आहे तिथलाच मुलगा, धानोऱ्याकडचा, गोंड घरचा. चार वर्षांची ओळख. खरे सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षे वाचले, भाषणे दिली, तरी आत तोच १९९४ चा माणूस बसलेला निघाला. तोंडावर शब्द आले होते, "लोक का म्हणतीन?" सकाळी बहिणीकडे गेलो. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "या वेळी त्या पोराच्या घरी जा. पण दम द्यायला नको जाऊस, जेवायला जा." मी गेलो. त्याच्या आईने पानात वाढले. तिलाही तीच धास्ती होती, आमच्या पोराला हे लोक नीट वागवतील का? दोन्हीकडे भीती सारखीच होती.

आता कायद्याबद्दल, कारण यात गैरसमज फार आहेत. "कोर्टात गेले, सह्या केल्या, झाले" असे लोक समजतात. तसे नाही. दोघेही बौद्ध असतील तर विहारात मंगल परिणय होतो, कायद्यात त्याला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो. पण त्या लग्नाची ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नोंद केलीच पाहिजे. नुसती पत्रिका आणि फोटो पुढे कामी पडत नाहीत. तो कायदा अनुसूचित जमातीला लागू नाही. म्हणून माझ्या मुलीसारख्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा चांगला. विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावतात. त्यावर हरकत घेता येते, पण कायद्यातल्या कारणावरच. म्हणजे वय कमी आहे, आधीचा नवरा-बायको आहे, जवळचे नाते आहे, अशी कारणे. जात ही हरकत होत नाही. नंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण पाहिजेत. आंतरजातीय जोडप्याला शासनाची ५० हजारांची योजना आहे, समाज कल्याण कार्यालयात चौकशी करा. कोणी धमकी देत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात सांगितले आहे की सज्ञान मुलगा-मुलीच्या लग्नात जात पंचायतीला किंवा कोणत्याही जमावाला पडण्याचा अधिकार नाही, आणि पोलिसांनी अशा जोडप्याला संरक्षण दिले पाहिजे.

पाचवा आणि शेवटचा गैरसमज, लग्न लागले की जबाबदारी संपली. "पोरीचे हात पिवळे झाले, सुटलो." खरे काम तिथूनच सुरू होते. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी झालेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायांना सांगितले की लेकरांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे. आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. त्याच्या कितीतरी आधी सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली. पत्नीचा मान ठेवणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे, आणि तिला वस्त्र-अलंकार देणे. पत्नीचीही पाच सांगितली आहेत. ती आपण सुनांना रोज ऐकवतो, म्हणून आज नवऱ्यांची सांगितली. पुरुष मंडळींनी घरी जाऊन मोजून पाहावे, पाचपैकी किती भरतात. मी मोजले, तीनच भरली.

बंधू-भगिनींनो, नुसत्या टाळ्या नकोत. माझी विहार समितीला तीन मागण्या आहेत. एक, आपल्या वधू-वर नोंद वहीतला पोटजातीचा रकाना आजच्या आज काढून टाकावा. दोन, सोयरिक पक्की करण्याआधी मुलीला एकटीला, घरच्यांच्या मागे, महिला मंडळाच्या दोन बायांनी विचारावे की तुझी मर्जी आहे का. तीन, वयाचा दाखला पाहिल्याशिवाय विहारात मंगल परिणय लावू नये. याला पैसा लागत नाही, मन लागते.

माझ्या मुलीची नोटीस लागली आहे. अजून सतरा दिवस आहेत. तीन साक्षीदारांपैकी पहिली सही माझ्या बहिणीची राहील, हे मुलीनेच ठरवले आहे. नंतर याच विहारात त्रिसरण-पंचशील होईल आणि साधे जेवण, डाळभात आणि भाजी. सर्वांनी यावे. आहेर आणू नये. आणि ज्यांना माझ्या जावयाच्या जातीबद्दल बोलायचे आहे त्यांनी मागे बोलू नये, जेवायला बसून माझ्या तोंडावर बोलावे. मी ऐकून घेईन. तीस वर्षांपूर्वी मीही तेच बोललो होतो.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!