पंक्तीतील पेले आणि खनिज तेल

पेट्रोल महागले की आम्ही सरकारला बोल लावतो; पंक्तीत प्लास्टिकचे पेले मांडताना मात्र तेलाचे स्मरण आम्हांस होत नाही. वस्तुतः दोहोंचे मूळ बहुतांशी एकच. कच्चे तेल शुद्ध करताना निघणाऱ्या नॅफ्थ्यापासून प्लास्टिक घडते, आणि देशास लागणारे ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशांतून येते. पेले वर्ज्य केल्याने पेट्रोल स्वस्त होईल, असे नव्हे. तो भाव मुख्यत्वे जागतिक बाजार व कर ठरवितात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या बांधवांच्या कोपीवर प्लास्टिकचाच कागद असतो. त्या निवाऱ्यास कोण नावे ठेवील? पेल्यांस मात्र राज्यात २०१८ सालापासून बंदी आहे, तरी एका जेवणापुरते ते परदेशी तेल आमच्या मांडवामागे उकिरड्यावर पडतेच. यंदाच्या सामुदायिक विवाहात पळसाच्या पत्रावळी व धातूचे पेले असावेत, इतकी विनंती आहे.