पाचवी पहाट

दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलवर हिवाळ्यातील पहाटे कुडकुडत उभे राहून ज्यांनी कांचनगंगेवर पडणारा पहिला किरण पाहिला असेल, त्यांना एक अनुभव हटकून आला असेल. सोबतच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र घरी येऊन पाहावे, तर डोळ्यांपुढे लखलखलेले ते हिम कागदावर मळकट, राखेच्या रंगाचे दिसते. पाहिले ते एक आणि हाती आले ते दुसरेच, अशी मनाची अवस्था होते.

याचे कारण साधे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची समजूत अशी असते की, समोरचे कोणतेही दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचेच असावयाचे. त्याच्यासमोर शुभ्र हिम आले की, तो त्यालाही करडे करून सोडतो. म्हणून जाणता छायाचित्रकार यंत्राचा कौल जसाच्या तसा न मानता दुप्पट, प्रसंगी चौपट प्रकाश आत घेतो. त्यातही पहाटेचा प्रकाश मोठा चंचल. सूर्य क्षितिजाशी असताना किरणांना वातावरणातून लांबची वाट चालावी लागते. त्या वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि शिखरावर पोहोचतो तो तांबूस प्रकाश. आडव्या येणाऱ्या या किरणांमुळे हिमाची प्रत्येक वळी, खडकाची प्रत्येक कड उठून दिसते. सूर्य थोडा वर आला की हा सारा उठाव मावळतो. छायाचित्रकाराच्या वाट्याला येतात ती मधली काही मिनिटे.

त्या मिनिटांसाठी किती धीर धरावा लागतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) यांचे १९४४ सालचे एक चित्र. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याशी लोन पाइन नावाचे लहानसे गाव आहे. ‘सिएरा नेवाडा’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थच हिमाच्छादित पर्वतरांग. अलास्का सोडल्यास अमेरिकेतील सर्वांत उंच असे ४,४२१ मीटरांचे व्हिटनी शिखर याच रांगेत आहे. सूर्य समोरून उगवत असल्यामुळे पहिला प्रकाश त्या हिममय भिंतीवर पडतो आणि पायथ्याच्या टेकड्या अजून अंधारातच असतात.

ॲडम्स यांनी चार पहाटा प्रयत्न केला. मनासारखे काही साधले नाही. पाचव्या दिवशी ते पुन्हा अंधारात, कडाक्याच्या थंडीत तेथे गेले. मोटारीच्या टपावर बसविलेल्या फळीवर त्यांनी आपला मोठा कॅमेरा उभा केला आणि पत्नीसह आत बसून कॉफी घेत ते वाट पाहू लागले. शिखरे उजळली. ढगांच्या सावल्या काळ्या टेकड्यांवरून सरकू लागल्या. दवाने गोठलेल्या कुरणात एक घोडा चरत होता. पण तो पाठ करून असा उभा की, दुरून झाडाचे खोडच वाटावे. अखेर उन्हाचा एक पट्टा कुरणाकडे सरकत आला आणि त्याच वेळी घोडा वळून आडवा उभा राहिला. ॲडम्स यांनी चित्र घेतले. मिनिटभरातच सारे कुरण उन्हाने भरून गेले आणि छायाप्रकाशाचा तो खेळ संपला.

या चित्राची दुसरीही एक कथा आहे. पुढील टेकडीवर गावच्या शाळेतील मुलांनी चुन्याने ‘एल’ आणि ‘पी’ ही दोन प्रचंड अक्षरे रंगविली होती. ॲडम्स यांना ती निसर्गावरील व्रणासारखी वाटली. त्यांनी ती निगेटिव्हमधून शक्य तेवढी काढून टाकली आणि उरलेली खूण प्रत्येक प्रतीवर रंग भरून मिटविली. यावर टीका झाली. परंतु त्यांनी ही गोष्ट कधी लपविली नाही.

अक्षरे पुसता येतात. पण काही गोष्टी चौकटीत मुळीच येत नाहीत. लोन पाइनच्या उत्तरेस अवघ्या १५ किलोमीटरांवर मँझनारची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून अशा छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. एकट्या मँझनारमध्ये सुमारे दहा हजार माणसे होती. ॲडम्स त्या दिवसांत तेथील चित्रे घेण्याच्या कामातच गुंतले होते. काटेरी तारा व पहाऱ्याचे मनोरे यांची चित्रे घेण्यास मनाई होती. मनोऱ्याचे चित्र घेता येत नव्हते. पण मनोऱ्यावर चढून छावणीचे चित्र मात्र त्यांनी घेतले. तेथील माणसांचे हसरे, स्वाभिमानी चेहरे त्यांनी १९४४ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या चेहऱ्यांत दुःख पुरेसे दिसत नाही, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. त्याच छावणीत बंदी असलेल्या टोयो मियाताके या छायाचित्रकाराने तर चोरून आणलेल्या भिंगाभोवती लाकडाची पेटी जोडून कॅमेरा तयार केला होता. तोही त्याच पर्वताखाली, त्याच पहाटेच्या प्रकाशात उभा होता. फरक एवढाच की, त्याला हवे तेथे जाण्याची मोकळीक नव्हती.

मग त्या सूर्योदयाचे सौंदर्य खोटे ठरते काय? तसे म्हणता येणार नाही. पर्वत तेथे होता, प्रकाश तेथे होता आणि पाच पहाटांची तपश्चर्याही खरी होती. परंतु प्रत्येक छायाचित्र ही एक निवड असते. १९६५ साली ॲडम्स यांनी मँझनारची चित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. १९८८ साली त्या देशाने कायदा करून झाल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानास वीस हजार डॉलर देऊ केले. आज ती चित्रे कोणालाही पाहता येतात. कुरणातील घोड्याचे चित्र पाहून ज्याचे मन प्रसन्न झाले असेल, त्याने ती चित्रेही शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींवर पडलेला प्रकाश एकाच सूर्याचा आहे.