परमुलखातील मैदान



दहावीचा निकाल हाती पडला की चौबे कॉलोनीतील मराठी घरांत जो प्रश्न निघतो, तोच काही वर्षांपूर्वी सांगलीलगतच्या माधवनगरातील एका घरात निघाला होता. मुलीला विज्ञान शाखेत जायचे होते. आई 'नको' म्हणाली. विज्ञानाचा अभ्यास आणि क्रिकेट ही दोन्ही ओझी एका वेळी पेलणार नाहीत, असे आईचे मत होते. बहुतेक घरांत हा संवाद नेमका उलट्या बाजूंनी होतो. मुलगी मैदानासाठी हटून बसते आणि आई प्रयोगशाळेसाठी. माधवनगरच्या त्या आईचे नाव स्मिता मानधना आणि मुलीचे नाव स्मृती.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक उंचावला, तेव्हा त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक, म्हणजे ४३४ धावा स्मृतीच्या नावावर होत्या. हे आता शाळेतील लहान मुलेही सांगतील. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने बोलायचे आहे ते त्याआधीच्या वर्षांविषयी. खेळावर उपजीविका करू पाहणाऱ्या मुलीला घरी पुरेसे मैदान नसेल, तर ती कुठे जाते, तिथे तिला काय मिळते आणि त्याचे मोल तिला कशाने चुकवावे लागते?

स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईतला. कुटुंब मारवाडी, ती दोन वर्षांची असताना ते माधवनगरला आले आणि मुलगी सांगलीच्या मातीत वाढली. वडील श्रीनिवास जिल्हा पातळीवर खेळलेले, भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघात. भावाला पाहून तिने बॅट हाती घेतली. मुळात ती उजव्या हाताची. फलंदाजी मात्र डावखुरी. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात तिची निवड झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बडोद्यात गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

आता त्या काळातील हिशेब पाहावा. महिला क्रिकेटचा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे २००६ मध्ये आला. पुरुषांची आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा स्मृती अकरा वर्षांची होती. महिला खेळाडूंना वार्षिक करार मिळू लागले ते २०१५ पासून, आणि त्यांतील वरच्या श्रेणीची रक्कम होती १५ लाख रुपये. ती मोजक्याच जणींना मिळे. फ्रँचायझींची लीग मुलींसाठी भारतात नव्हतीच. त्याच २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने महिलांची बिग बॅश लीग सुरू केली. पुढच्या वर्षी मंडळाने आपल्या खेळाडूंना परदेशी लीगमध्ये खेळण्याची मुभा दिली आणि हरमनप्रीत कौरशी सिडनी थंडरने, तर स्मृतीशी ब्रिस्बेन हीटने करार केला. त्या लीगमध्ये करारबद्ध झालेल्या या पहिल्या दोन भारतीय.

सांगलीला ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. याच गावी १९१५ मध्ये जन्मलेले विजय हजारे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील लँकेशायर लीगमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळले. तिथली रीत मोठी गमतीची होती. क्लबमध्ये पगारी खेळाडू एकच, बाकी सारे गावातले हौशी. पगारी खेळाडूने अर्धशतक झळकावले की प्रेक्षकांत झोळी फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा होत. भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचा कर्णधार असा परक्या गावच्या गिरणी कामगारांसाठी खेळत असे, हे आज खरे वाटणार नाही.

ब्रिस्बेनचा पहिला हंगाम स्मृतीला साधला नाही. बारा डावांत ८९ धावा, आणि जानेवारी २०१७ मध्ये मेलबर्न रेनेगेड्सविरुद्ध खेळताना ती मैदानावर विचित्र कोनात पडली. गुडघ्यातील अस्थिबंधाची दुखापत. घर हजारो मैल दूर, वय वीस वर्षे, आणि इंग्लंडमधील विश्वचषक पाच महिन्यांवर. ती त्या स्पर्धेसाठी उभी राहिली, डर्बीत इंग्लंडविरुद्ध ९० आणि टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा करून गेली. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात मात्र ती शून्यावर बाद झाली आणि भारत ९ धावांनी हरला. पहिल्या दोन खेळी लक्षात ठेवणाऱ्यांनी हे शून्यही लक्षात ठेवावे. बऱ्या झालेल्या गुडघ्याची कथा सांगताना लोक फार लवकर टाळ्या वाजवू लागतात.

परदेशी मैदानावर शरीर पणाला लावणे म्हणजे काय, हे याहून स्पष्टपणे पाहायचे असेल तर अमेरिकेतील बास्केटबॉलपटू मुलींकडे पाहावे. बास्केटबॉल हा खेळच अमेरिकेत, १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जन्मला. महिलांची डब्ल्यूएनबीए ही लीग तिथे १९९७ पासून भरते, परंतु ती उन्हाळ्यातली, काही महिन्यांची. म्हणून हंगाम संपला की तेथील उत्तमोत्तम खेळाडू बॅग भरून रशिया, तुर्कस्तान, चीन गाठत. डायना तौरासी हे त्यांतील सर्वांत मोठे नाव. घरच्या लीगमध्ये तेव्हा खेळाडूला जास्तीत जास्त सुमारे १ लाख ७ हजार डॉलर मिळत. रशियातील येकातेरिनबर्ग शहराचा संघ तिला सुमारे १५ लाख डॉलर देत होता. २०१५ मध्ये त्या संघाने तिला सांगितले, की उन्हाळ्यात विश्रांती घे, घरच्या लीगमध्ये खेळू नकोस, त्याचेही पैसे आम्ही देऊ. तिने ते मान्य केले. आदल्याच वर्षी जिने फिनिक्सच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले, ती जगज्जेती खेळाडू आपल्या देशातील हंगाम सोडून बसली. तिकडे बरीच टीका झाली. पण टीकाकारांपैकी चौदापट पगार नाकारणारे किती निघाले असते, हा प्रश्न उरतोच.

बारा महिने खेळत राहण्याची किंमत ब्रेआना स्टुअर्टने मोजली. २०१८ ची सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलेली ही मुलगी रशियाच्या कुर्स्क शहराच्या संघाकडून खेळत होती. एप्रिल २०१९ मध्ये हंगेरीत युरोलीगच्या अंतिम सामन्यात तिच्या टाचेमागची शीर तुटली आणि अमेरिकेतील पुढचा संपूर्ण हंगाम तिला बाजूला बसून पाहावा लागला. ब्रिटनी ग्राइनरची किंमत तर वेगळीच होती. येकातेरिनबर्गच्याच संघाकडे परतताना फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाचे तेल असलेल्या नळ्या सापडल्या. काही दिवसांतच युक्रेनचे युद्ध पेटले. न्यायालयाने तिला नऊ वर्षांची शिक्षा सुनावली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांची अदलाबदल होऊन ती सुटली. तिचा दोष किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण सहा फूट नऊ इंच उंचीची, ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदके मिळवलेली खेळाडू हिवाळ्यात उरल पर्वताच्या पायथ्याशी का जात होती, याचे उत्तर पगाराच्या त्या दोन आकड्यांत आहे.

येकातेरिनबर्गच्या संघामागे तांब्याच्या खाणी चालवणाऱ्या कंपनीचा पैसा होता. रायपूरकरांना यात नवल वाटू नये. तासाभराच्या अंतरावरील भिलाईत पोलाद कारखान्याच्या छायेत मुलींचे बास्केटबॉल असेच वाढले. प्रशिक्षक राजेश पटेल यांनी तिथे अनेक वर्षे खपून छत्तीसगडच्या मुलींचा संघ देशात धाक वाटावा असा केला. सीमा सिंग, अंजू लाकरा यांच्यासारख्या मुली भारताकडून खेळल्या. २०१८ मध्ये पटेल गेले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींपुढे खेळाचे सार्थक म्हणून जे दिसत असे, ते बहुधा रेल्वेची नोकरी हेच होते. या नोकरीला हिणवण्याचे कारण नाही; तिने कितीतरी घरे सावरली. परंतु खेळाचा पगार आणि तिकीट खिडकीमागचा पगार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केरळची गीतू अण्णा जोस हीसुद्धा रेल्वेचीच. २००६ मध्ये ती ऑस्ट्रेलियातील रिंगवूड हॉक्स संघाकडून खेळायला गेली, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमधील तीन संघांच्या निवड चाचणीला उतरली. निवड झाली नाही. ती परत आली आणि भारतासाठी खेळत राहिली.

या शाळेची कितीतरी मुले नागपूर-पुण्याहून पुढे परदेशी नोकरीला गेली आहेत, आणि त्यांचे आईवडील विमानतळावर त्यांना निरोप देऊन आले आहेत. अभियंत्याला कामासाठी पस्तीस वर्षे मिळतात. खेळाडूला फार तर पंधरा, तीही गुडघा साथ देईल तितकीच. म्हणून स्मृतीच्या ऑस्ट्रेलियाच्या आणि इंग्लंडच्या फेऱ्यांकडे नुसती हौस किंवा प्रसिद्धी म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

इंग्लंडमध्ये २०१८ च्या उन्हाळ्यात हे गणित जमले. किया सुपर लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय. वेस्टर्न स्टॉर्म संघाकडून नऊ डावांत ४२१ धावा, त्यांत लँकेशायरविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर १०२, आणि पावसाने सहा षटकांवर आलेल्या एका सामन्यात १८ चेंडूंत अर्धशतक. परदेशी खेळाडूकडून संघाला एवढे मिळाले की पुढचा दरवाजा आपोआप उघडतो, केवळ तिच्यासाठीच नव्हे. २०२१ च्या बिग बॅशमध्ये आठ भारतीय मुली वेगवेगळ्या संघांतून खेळत होत्या.

त्याच हंगामातील एक सामना सांगण्याजोगा आहे. १७ नोव्हेंबर २०२१, स्थळ मकाय. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरचे हे गाव उसासाठी प्रसिद्ध. सांगलीच्या मुलीला उसाचे काय अप्रूप! रेनेगेड्सने २० षटकांत १७५ धावा केल्या, त्यांत हरमनप्रीतच्या ५५ चेंडूंत नाबाद ८१. सिडनी थंडरकडून स्मृती सलामीला आली आणि अखेरपर्यंत उभी राहिली. ६४ चेंडूंत नाबाद ११४. बिग बॅशमध्ये शतक करणारी पहिली भारतीय, आणि त्या लीगमधील तोवरच्या सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येशी बरोबरी. शेवटचे षटक टाकायला चेंडू हाती घेतला तो हरमनप्रीतने. भारतीय संघाची एक आधारस्तंभ गोलंदाजीला आणि दुसरी तिच्यासमोर बॅट घेऊन, दोघीही परक्या गावाच्या पगारावर. थंडरचा डाव १७१ वर थांबला. चार धावांनी पराभव. शतक करूनही स्मृती हरली आणि तिला हरवले ते तिच्याच मैत्रिणीने. व्यावसायिक खेळाचा हा स्वभाव मुलांना जितका लवकर कळेल तितका बरा.

याला जेमतेम सव्वा वर्ष झाले आणि वारे फिरले. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. भारतीय संघ त्या वेळी विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. आदल्याच दिवशी पाकिस्तानला हरवून साऱ्या जणी दूरदर्शनसमोर बसल्या होत्या. पुकारलेले पहिलेच नाव स्मृती मानधना. पन्नास लाखांपासून सुरू झालेली बोली ३ कोटी ४० लाखांवर बंगळूरच्या संघाने जिंकली आणि त्या खोलीत एकच जल्लोष उसळला. वर्तमानपत्रांनी पुढे कित्येक दिवस हा आकडा दागिन्यासारखा मिरवला. त्या खोलीतील कितीतरी मुलींना त्याच दुपारी प्रथमच घरच्या लीगचा करार मिळाला, ही बातमी मात्र आतल्या पानावर गेली. अमेरिकेतही पुढे असेच घडले. ब्रेआना स्टुअर्टने नफीसा कॉलियरच्या साथीने जानेवारी २०२५ मध्ये मायामीत 'अनरायव्हल्ड' ही हिवाळी लीग सुरू केली, जेणेकरून हिवाळ्यात मुलींना परदेशी जावे लागू नये.

मुंबईतील लीगचा दुसराच दिवस, ५ मार्च २०२३. चर्चगेटजवळच्या ब्रेबर्न मैदानावर स्मृतीचा बंगळूर संघ दिल्लीविरुद्ध उतरला. दिल्लीने दोन बाद २२३ धावा केल्या. उत्तरात स्मृतीने ३५ धावा करून सुरुवात तर बरी दिली. पण नंतर एक डावखुरी मध्यमगती गोलंदाज आली आणि तिने चार षटकांत २९ धावा देऊन पाच बळी घेतले. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी, इंग्लंडची हेदर नाइट, बंगालची रिचा घोष, एकामागून एक परतल्या. बंगळूरचा ६० धावांनी पराभव झाला. या लीगमध्ये एका डावात पाच बळी घेणारी ती पहिलीच गोलंदाज. तारा नॉरिस हे तिचे नाव, जन्म फिलाडेल्फियाचा, संघ अमेरिकेचा. सहयोगी सदस्य देशांतून त्या हंगामात ती एकटीच निवडली गेली होती, १० लाख रुपयांच्या बोलीवर, आणि खेळाचा पगार मिळवायला मुंबईला आली होती.