गणिताचे साहित्य इंटरनेटवर कसे शोधावे

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



इतिहासातील एक धडा राहून गेला तरी पुढचा धडा वाचता येतो. गणितात तशी सवलत नाही. दशांश अपूर्णांक नीट न कळलेले मूल पुढे शेकडेवारीपाशी अडते, मग व्याजाच्या उदाहरणांना भिऊ लागते आणि शेवटी ‘गणित आपल्यासाठी नाहीच’ असा निष्कर्ष काढून मोकळे होते. सधन घरातील मुलाला अशा वेळी शिकवणी मिळते. शेतमजुराच्या मुलाला शाळेवाचून दुसरा आधार नसतो. म्हणूनच इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असलेल्या साहित्याचा प्रश्न हा केवळ हौसेचा किंवा नावीन्याचा नसून समान संधीचा आहे.

पूर्वी साहित्य मिळत नसे. आज मिळालेल्या ढिगातून निवड करणे अवघड झाले आहे. ‘पाचवी गणित’ एवढेच शब्द लिहून शोध घेतला तर चित्रफितींची इतकी गर्दी समोर येते की, शिक्षकाचा तास त्या पाहण्यातच संपावा. तेव्हा शोधाची सुरुवात यंत्रापासून न करता मुलाच्या वहीपासून करावी, अशी माझी पहिली सूचना आहे.

एक उदाहरण घेऊ. ०.५ आणि ०.३५ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारले असता अनेक मुले ०.३५ असे उत्तर देतात; कारण ५ पेक्षा ३५ मोठे, हे त्यांना ठाऊक असते. येथे मुलाची अडचण ‘गणित’ ही नाही, ‘दशांश अपूर्णांक’ हा सबंध पाठही नाही. दशांशचिन्हापुढील अंकांची स्थानिक किंमत त्याला उमगलेली नाही, एवढीच ती आहे. अडचण अशी नेमकी सापडली की ‘दशांश अपूर्णांकांची तुलना’ हे शोधाचे शब्द आपोआप सुचतात.

दुसरी सूचना शब्दांविषयी आहे. देवनागरीत शोध घेतला की पुष्कळदा हिंदी साहित्य पुढे येते, आणि दोन्ही भाषांच्या परिभाषा सारख्या नाहीत. आपला अपूर्णांक हिंदीत ‘भिन्न’ होतो, दशांश ‘दशमलव’ होतो, परिमिती ‘परिमाप’, काटकोन ‘समकोण’ आणि संभाव्यता ‘प्रायिकता’ होते. मराठी मुलाच्या कानावर ‘भिन्न’ हा शब्द पडला तर त्याला ‘वेगळा’ असाच अर्थ लागणार! म्हणून पाठ्यपुस्तकातील शब्द जसाच्या तसा वापरून शोध घ्यावा. सेमी-इंग्रजी वर्गांसाठी इंग्रजी प्रतिशब्दही लागतो. त्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर खुले आहेत. त्यांत गणितशास्त्राचाही कोश आहे.

आता कोठे शोधावे ते पाहू. पहिले स्थान आपल्या हातातच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलाची अडचण मागील इयत्तेतील असेल तर त्या इयत्तेचे पुस्तक उघडणे हाच सर्वांत सरळ उपाय होय. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावर राज्यांच्या अभ्यासक्रमानुसार साहित्य ठेवलेले आहे, आणि पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडवरून त्या त्या पाठाशी जोडलेल्या साहित्यापर्यंत जाता येते.

मुलांनी स्वतः हाताळण्याजोगे साहित्यही आहे. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात ‘जिओजेब्रा’ची निर्मिती सुरू केली. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू हवा तिकडे सरकवावा; आकार बदलत जातो, पण तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे मूल डोळ्यांनी पाहते. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प २००२ साली नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी सुरू केला. त्यातील अपूर्णांकांसारख्या विषयांवरील प्रतिकृती एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटवाचूनही चालतात. पुण्यात दीर्घकाळ कार्य केलेले पद्मश्री अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके आणि टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या खेळण्यांच्या कृती आहेत. शिक्षकांच्या स्वतःच्या वाचनासाठी अझीम प्रेमजी विद्यापीठाचे ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ हे गणितशिक्षणविषयक नियतकालिक विनामूल्य वाचता येते.

तिसरी सूचना पारखण्याविषयी आहे. सापडलेले साहित्य वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने ते अथपासून इतिपर्यंत पाहावे आणि त्यातील उदाहरणे स्वतः सोडवावीत. मग एकच प्रश्न विचारावा: हे साहित्य कारण सांगते की केवळ युक्ती? ‘०.५ पुढे शून्य लावा, ०.५० झाले, आता ५० आणि ३५ यांची तुलना करा’ ही युक्ती बरोबर आहे. पण शून्य लावल्याने संख्येची किंमत का बदलत नाही, हे न सांगणारी चित्रफीत मुलाला फार दूर नेणार नाही. शंभर चौकटींच्या चौरसात एकदा ५० आणि एकदा ३५ चौकटी रंगवून दाखवणारे साहित्य अधिक मोलाचे. रुपये-पैशांचे उदाहरण सोयीचे खरे, परंतु ते दोन दशांश स्थळांपाशी थांबते, ०.१२५ समजावून सांगायला मीटरपट्टीच हवी, कारण ०.१२५ मीटर म्हणजे १२५ मिलिमीटर हे तिच्यावर मोजून दाखवता येते. पडद्यावर पाहिलेली गोष्ट अशी कागदावर, दोरीवर, पट्टीवर उतरली पाहिजे. वीज गेली तरी तास चालू राहतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

पंचायत सदस्यांना एक विनंती. ग्रामपंचायती जोडण्यासाठी २०११ साली मंजूर झालेली ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या कार्यालयात जोडणी चालू असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ ती शिक्षकांसाठी खुली ठेवावी. शिक्षकांनी निवडलेले साहित्य तेथे उतरवून घ्यावे, पेन ड्राइव्हवर शाळेत न्यावे. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर बाहेर असतो, त्या घरातील मुलापर्यंत हे साहित्य पोहोचण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

केंद्रप्रमुखांनी केंद्रशाळेत एक नोंदवही ठेवावी. घटक कोणता, साहित्य कोठे मिळाले, कोणत्या इयत्तेत वापरले आणि मुलांना कितपत कळले, एवढ्या चार गोष्टी तीत असाव्यात. एका शिक्षकाने दोन तास घालवून शोधलेली गोष्ट दुसऱ्याला दोन मिनिटांत मिळेल. आणि अधिकारी बंधूंना नम्रपणे सांगावेसे वाटते की, तपासणीच्या वेळी किती चित्रफिती दाखवल्या याची संख्या मागू नये. कोणत्या मुलाची कोणती अडचण दूर झाली, हे विचारावे.

साधने आली म्हणून शिक्षकाचे महत्त्व कमी होईल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. ०.३५ हे उत्तर मुलाने का दिले, हे त्याच्याशेजारी बसून त्याच्याच तोंडून काढून घेणारा शिक्षक असेल, तरच योग्य साहित्य योग्य मुलापर्यंत पोहोचते. येत्या आठवड्यात प्रत्येक शाळेने एका मुलाची एक अडचण निवडून या कामाचा प्रारंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.