कारकुनानें जुळविलेलें यंत्र



शाळेंत ३६ वर्षें हजेरीपटाच्या बेरजा केलेल्या माणसाला बेरीज करणाऱ्या यंत्राचें कुतूहल वाटावें, यांत नवल नाहीं. आज मी कचेरींतील साध्या कारकुनांविषयीं बोलणार आहें. कारण अशीं यंत्रें आतां ते स्वतःच जुळवूं लागले आहेत.

मायक्रोसॉफ्टचें पॉवर ऑटोमेट, गूगलचें ॲपशीट अशीं कांहीं साधनें निघालीं आहेत. त्यांत संगणकाची भाषा फारशी लिहावी लागत नाहीं. पडद्यावरील चौकटी एकापुढें एक मांडावयाच्या आणि ‘अमुक घडलें कीं तमुक कर’ असें सांगावयाचें.

माझी पुतणी एका कचेरींत हिशेब पाहते. संगणकशास्त्राचा तिला गंध नाहीं. तरी पुरवठादाराचें बिल ई-मेलनें आलें कीं त्याची नोंद व्हावी आणि मंजुरीसाठीं वरिष्ठांकडे निरोप जावा, अशी साखळी तिनें अशाच एका साधनानें जुळविली. रोजचे दोन तास वाचले. बिल कोठें अडतें हें बाहेरच्या तज्ज्ञापेक्षां तीच अधिक जाणत होती.

पुढें ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. साखळी तिच्याच खात्यावर चालत होती. पासवर्डाची मुदत संपली आणि ती मुकाट्यानें थांबली. बिघाडाची सूचना गेली तीही तिच्याच पत्त्यावर! अकरा दिवसांनीं एक वृद्ध सुतार दारांत उभा राहिला. पैसे न मिळाल्यानें त्याच्या दोन कामगारांची मजुरी थकली होती, आणि कचेरींत त्याच्या बिलाचा कोणालाच पत्ता नव्हता.

मोठ्या ठिकाणींही असें घडतें. २०२० सालीं इंग्लंडांत कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनिक आंकड्यांतून गळली. एक्सेलच्या जुन्या तऱ्हेच्या तक्त्यांत ६५,५३६ च ओळी मावतात, हें वेळेवर ध्यानीं आलें नाहीं. रुग्णांच्या सहवासांत आलेल्यांना सूचना उशिरां पोंचली.

म्हणून हीं साधनें बंद करावींत काय? मला तसें वाटत नाहीं. बंदी केली तर लोक तीं चोरून वापरतील, आणि मग चूक दिसणारच नाहीं. गणित सुटलें तरी ताळा पाहिल्याविना मी गुण देत नसें. येथेंही तेंच करावें. साखळी कशी चालते तें कागदावर लिहून ठेवावें. ती एकट्याच्या नांवावर नसावी. आणि आलेलीं बिलें व नोंदलेलीं बिलें यांचा आंकडा आठवड्यांतून एकदां माणसानें स्वतः जुळवून पाहावा.

पुतणीनें कामावर परततांच प्रथम हेंच केलें. सुताराचें पुढचें बिल वेळेवर चुकतें झालें, असें ती सांगते.