शिशाच्या गोळ्या : घरी ओताव्यात की विकत घ्याव्यात?



प्रवरा, मुळा, गोदावरी आणि भीमा या नद्यांनी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, पाणी दिले. आणि त्यांवर बांधलेल्या धरणांनी कित्येक घरांना मासेमारीचा धंदा दिला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे राहुरीकडे मुळा धरण झाले, आणि जायकवाडीचा नाथसागर शेवगाव-नेवाशाच्या शिवाराला येऊन भिडला. जाळे आले की त्याच्या खालच्या दोरीला वजन आलेच. एका फेकजाळ्याला तीन-चार किलो शिसे सहज लागते. मग घरधनी म्हणतो, "दुकानात कशाला पैसे घालवायचे? भंगारातून शिसे आणू, चुलीवर वितळवू अन् गोळ्या ओतू!"

म्हणणे वरवर खरे वाटते. शिसे ३२७ अंशांवर वितळते. लाकडाच्या जाळावर ते सहज पाणी होते. त्याला लोहाराचा भाता लागत नाही. आणि धातू ओतण्याची विद्या या खोऱ्याला नवी थोडीच आहे? प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली तांब्याचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, ती सारी ओतीव कामे आहेत. पण तांबे वेगळे आणि शिसे वेगळे. शिसे हे विष आहे, आणि ते हळू भिनणारे विष आहे.

वितळलेल्या शिशावर करडी साय धरते. ती पळीने काढून बाजूला टाकतात. वाळली की तिचा भुगा होतो, वाऱ्याने उडतो, अंगणात बसतो, कपड्यांना चिकटून घरात येतो. जाळ जास्त झाला तर धूरही नाकात जातो. रांगणारे मूल त्याच अंगणात हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात जेवढे मुरते, त्याच्या चार-पाच पट मुलाच्या अंगात मुरते. ते हाडांत साठून राहते. रक्त कमी होते, पोट दुखते, बद्धकोष्ठ होतो, आणि मुलाची समज व लक्ष मंदावते. अमुक इतके शिसे चालेल, अशी निर्धोक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही.

गुरुजनहो, येथे आपला संबंध येतो. मासेमाराच्या घरचे पोर वर्गात सुस्त बसत असेल, पाठांतर टिकत नसेल, तर लगेच त्याला आळशी ठरवू नका. घरी शिसे वितळवतात का, एवढे विचारा. शंका आली तर रक्ताची तपासणी करून घ्यायला पालकांना सांगा. आणि शिशाची गोळी दाताने चावून दोरीवर बसवण्याची खोड कोणाला असेल, तर ती आजच्या आज मोडायला हवी.

आता ज्यांना ओतायचेच आहे त्यांच्यासाठी. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या कधीही वितळवू नका. त्यांत आम्ल आणि शिशाचे क्षार असतात. तो धूर सर्वांत वाईट. साचा हाडासारखा कोरडा पाहिजे. पाण्याच्या थेंबाची वाफ होताना तो हजारपटीहून जास्त फुगतो आणि उकळते शिसे तोंडावर उडवतो. डोळा गेला तर परत येत नाही. वेगळी कढई, वेगळी पळी, घरापासून लांब उघडी जागा, आणि बायकापोरे जवळपास नकोत. कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. एवढे सांभाळून दोन-तीन किलोंसाठी वाचते किती, ते तुम्हीच मांडा. माझ्या मते फेकजाळ्याच्या गोळ्या विकत घ्याव्यात. ते जाळे झटकन् आणि सारख्या वेगाने तळाला बसायला लागते, म्हणून सारख्या मापाची गोळी कामाची.

पण सगळ्याच जाळ्यांना शिसे कशाला? एक किलो शिसे पाण्यात नऊशे ग्रॅमांच्या वर भरते. लोखंड सुमारे आठशे सत्तर, आपला काळा दगड साडेसहाशे, आणि भाजलेली माती जेमतेम अर्धा किलो. म्हणजे लोखंड फारसे मागे नाही. गंजते आणि नटाच्या कडांत जाळे अडकते, हा त्याचा दोष. धरणाच्या संथ पाण्यात उभे लावायचे जाळे एका जागी राहते. त्याला दगड किंवा मातीचे मणी थोडे जास्त लावले की भागते.

इंग्लंडात गळाच्या बारीक शिशाच्या गोळ्या हंस खड्यांबरोबर गिळत आणि मरत. म्हणून १९८७ साली तेथे त्यांवर बंदी आली. आपल्या नाथसागरावर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथली बदकेही तळचे खडे गिळतात, हे गळ टाकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मातीचे मणी कुंभाराकडून भट्टीत पक्के भाजून घ्या. भोक दोरीपेक्षा थोडे मोठे ठेवायला सांगा, कारण माती भाजताना आवळते, आणि भोकाच्या कडा ओल्या असतानाच बोटाने गुळगुळीत करून घ्या, नाहीतर दोरी कापली जाते. सगळे घेण्याआधी एक मणी रात्रभर पाण्यात टाकून ठेवा. सकाळी बोटाला गाळ लागला, तर ती भाजणी कच्ची आहे. माल परत करा.