चष्मा गेला, चाळिशी आली

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण, थोडे आटोपशीर करून)

हा विषय खरं तर डॉक्टरांनी मांडायचा. मी लोकनिर्माण खात्यातला डिप्लोमावाला उपयंत्री. पण आपले अध्यक्ष काका म्हणाले, "डॉक्टर ऑपरेशन करतात, करून तू घेतलंयस. तूच बोल." म्हणून उभा आहे.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी दोन्ही डोळ्यांचं लॅसिक करून घेतलं. नंबर उणे पाच होता. सहावीपासून चष्मा. साइटवर घाम आला की तो नाकावरून घसरायचा, हेल्मेटमध्ये अडकायचा, आणि पहिल्या पावसात आपल्या इंदूरच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना मी निम्मा आंधळाच असायचो.

आधी तपासण्या झाल्या. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मोजतात. माझी 540 मायक्रॉन भरली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. रस्त्याच्या थरांची जाडी मोजण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हा हिशेब मला लगेच पटला. वरचा 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलायचा, खालचं साधारण 80 मायक्रॉन लेझरने घासायचं, पापुद्रा परत बसवायचा. खाली 350 उरतात. 250 च्या खाली सहसा जाऊ देत नाहीत. हा लेझर उष्णतेने जाळत नाही, अतिनील किरणांनी अगदी पातळ थर उडवतो. जिवंत ऊतकावर तो असा चालतो हे 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत कळलं, आणि शोधणाऱ्यांत रंगस्वामी श्रीनिवासन हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ होते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगाला नेलं होतं. शिळ्या अन्नाचा इतका चांगला उपयोग आपल्या घरांत झालेला मी तरी ऐकलेला नाही.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं. दुखत नाही, पण डोळा दाबला जातो तेव्हा काही क्षण सगळं काळं होतं आणि केस जळल्यासारखा वास येतो. तो वास येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी घाबरलो. तुम्ही घाबरू नका. मग घरी आल्यावर चार-पाच तास मिरचीचा हात लागल्यासारखी आग आणि धारा. झोप हेच औषध. सकाळी सहाला उठलो आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. सवयीने हात उशीजवळ चष्मा शोधत होता.

पुढचे दिवस मात्र पथ्याचे. रात्री झोपताना डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या, तोंडावरून अंघोळ बंद, थेंब वेळेवर, आणि काहीही झालं तरी डोळा चोळायचा नाही, कारण तो पापुद्रा सरकू शकतो. मी दहा दिवसांची रजा घेतली होती. साइटची धूळ बघता ती कमीच पडली. कापताना कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. माझे सहा महिने फार, आणि उन्हाळ्यात आजही थोडे पडतात. खिशात पेनाशेजारी थेंबांची बाटली असते.

रात्रीचं सांगतो. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या बघायला उभा होतो. प्रत्येक दिव्याभोवती मोठं कडं. बायको म्हणाली, "अहो, किती सुंदर रोषणाई!" मला रोषणाई दुप्पट दिसत होती, झांकी दिसत नव्हती. ती कडी हळूहळू कमी झाली. समोरून प्रखर दिव्यांची गाडी आली तर अजून जाणवतात, म्हणून रात्री हायवेवर गाडी मी मुलाला देतो.

आता मुख्य गोष्ट. आमची आई अजून गोधडी शिवते, आणि सुईत दोरा ओवून देणं हे माझं काम. मी चष्मा काढायचो, सुई नाकासमोर धरायचो, झालं. उणे पाचच्या उघड्या डोळ्याला वीस सेंटिमीटरवर स्वच्छ दिसतं. ऑपरेशननंतर महिन्याने आईने सुई दिली आणि मला तिचं भोकच दिसेना. आई म्हणाली, "एवढे पैसे मोजून डोळे बिघडवून आलास का रे?"

बिघडले नव्हते. चाळिशीनंतर आतलं भिंग ताठर होतं, जवळचं धूसर होतं. लेझर बाहेरच्या कॉर्नियावर चालतो, आतलं भिंग तसंच राहतं. चष्मा काढून जवळचं वाचायची जी सोय निसर्गाने मला फुकट दिली होती, ती मी पैसे देऊन घालवली. एका डोळ्यात मुद्दाम थोडा उणे नंबर ठेवायचा आणि त्या डोळ्याने वाचायचं, असा एक मार्ग असतो. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून तो जमतो का ते बघताही येतं. समुपदेशनाला बसलेल्या मुलीने फक्त "चष्मा जाईल, सर" एवढंच सांगितलं. बाकी सगळं संमतीपत्रात होतं, इंग्रजीत, चौथ्या पानावर. ठेकेदाराचा करारनामा मी ओळ न् ओळ वाचतो. स्वतःच्या डोळ्यांच्या कागदावर न वाचता सही ठोकली. राग आला तो त्या मुलीपेक्षा स्वतःचाच जास्त.

पश्चात्ताप होतो का, असं मघाशी वहिनींनी विचारलं. पुलावर उभं राहून पलीकडच्या काठावरची पट्टी वाचता येते तेव्हा नाही होत. संध्याकाळी माप-पुस्तिका भरताना दीडचा चष्मा लावतो तेव्हा थोडा होतो. पंचविशीतल्या मुलांचा हिशेब वेगळा, त्यांना पंधरा-वीस वर्षं विनाचष्म्याची मिळतात.

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी ऑपरेशनची फाईल जपून ठेवा, आधीचा नंबर, जाडी, सगळे आकडे. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचं गणित त्यांच्याशिवाय चुकू शकतं. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात तोही कॉर्निया पातळ झाल्यामुळे खऱ्यापेक्षा कमी दिसतो, तेव्हा प्रत्येक डॉक्टरला आधी "लेझर झालंय" हे सांगायचं. माझी फाईल देव्हाऱ्याखालच्या कपाटात आहे, घराच्या रजिस्ट्रीबरोबर. मुलाला जागा दाखवून ठेवलीय.

आणि हे भाषण छापणार असाल तर स्मरणिका समितीला एक विनंती, यंदा अक्षर जरा मोठं घ्या.